दादर ते पुणे, व्हाया नागपूर

क्रेडिट कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर. पाकिटात चार-चार असली तरी खिसा फुगत नाही, इतकी मामुली वस्तू! आता देशातली सगळी कार्डं गोळा करा. २०२५ मध्ये ती ११ कोटींच्या घरात होती. एकावर एक रचत चला. चळत किती उंच व्हावी? चार मजले? चाळीस मजले? अहो, ८३ किलोमीटर! कळसूबाई १,६४६ मीटर. तशी पन्नास कळसूबाई एकमेकींच्या डोक्यावर उभी केली, तरी कार्डांचा शेंडा वर डोकावतच राहील.

आणि ही कार्डं काही स्वस्थ पडून नसतात. त्याच वर्षी महिन्याला सुमारे २ लाख कोटी रुपयांची खरेदी त्यांच्यावर होत होती. महिन्याचे सेकंद करा, भागाकार करा. सेकंदाला साडेसात लाख रुपये! तुम्ही हा परिच्छेद वाचायला घेतल्यापासून देशाने दीडेक कोटींची कार्डं घासली.

खरी मजा पुढेच आहे. कार्डांवर बँकांचं जे येणं आहे, ते अडीच लाख कोटींच्या वर. अडीच लाख कोटी म्हणजे किती, हे डोक्यात मावत नाही, म्हणून नोटा मोजू. पाचशेच्या नोटा घेतल्या तर ५०० कोटी नोटा. एक नोट १५ सेंटिमीटर लांब. एकीला एक लावून रस्त्यावर अंथरायला लागा. दादरहून निघाला आणि पुण्याला पोचला, दीडशे किलोमीटर. नोटा संपल्या? छे! परत फिरा. पुन्हा जा. अशा ५,००० फेऱ्या होतील, तेव्हा गठ्ठा संपेल. साडेसात लाख किलोमीटर! चंद्रावर जाऊन माघारी यायला सुमारे १९,००० किलोमीटर तेवढे कमी पडतात, आणि अडीच लाख कोटींच्या वरची जी सुट्टी रक्कम आपण हिशेबात धरलीच नाही, तिच्यात तेही भागून जातं. वजन? नोटेला एक ग्रॅम धरा, ५,००० टन. एक मालगाडी गच्च भरून दुसरी लावायला लागेल. नोटा नकोत, रुपयाची नाणीच हवीत म्हणाल, तर वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल अशा हजारो विहिरी काठोकाठ भरतील. आणि पुलांच्या भाषेत बोलायचं तर तेवढ्या पैशांत १४ अटल सेतू.

यातलं सगळंच व्याजाचं नाही, हे सांगायला हवं. बरीच मंडळी बिल आलं की पूर्ण भरून मोकळी होतात. त्यांच्याकडून व्याजाचा एक पैसा सुटत नाही, आणि पन्नासेक दिवस बिनव्याजी पैसे वापरून वर पॉइंट्सचा मिक्सर घेऊन येतात. पण ज्या घरात एकदा थोडी रक्कम मागे राहिली, त्या घरात काय होतं? आता चंद्रावरून खाली, डोंबिवलीत या.

समजा, तिथलं एक चौकोनी कुटुंब. फ्रिज बसला. त्याच महिन्यात शाळेची फी आली. पुढच्या महिन्यात आजींचा मोतीबिंदू. कार्डावर एकूण १ लाख. व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के. ऐकायला किती गोड! साडेतीन! पण बाराने गुणा की ४२. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के. १ लाखावर ₹४,१३०. दिवसाला ₹१३६. तासाला पावणेसहा रुपयांच्या आसपास. रात्री अकराला अंथरुणाला पाठ टेकली आणि सकाळी सहाला उठलात, ₹४० गेले. पंखा चालला त्याचं बिल वेगळं. डेक्कन क्वीन सीएसएमटीहून ५ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि ८ वाजून २५ मिनिटांनी पुण्याला लागते. तेवढ्यात ₹१८. गाडीत वडापाव तुम्ही खाल्ला नाहीत, व्याजाने खाल्ला.

पॉइंट्स मिळतात की, असं कोणी म्हणेल. मिळतात. शंभर रुपयांना एक रुपया धरू. ₹४,१३० वसूल करायला महिन्याला ₹४ लाख १३ हजारांची खरेदी करा म्हणजे झालं!

आता हाच ४२ टक्क्यांचा आकडा शेजारी काही ठेवून बघा. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने बिगरशेतकरी माणसाला विनातारण कर्ज दिलं, तर कायद्याने त्याला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. सावकाराला! ज्याच्या नावाने मराठी सिनेमात खलनायकांच्या पिढ्या जगल्या, तो १८ वर थांबतो. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जरोखे जाळले, आणि चार वर्षांत सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आज जाळायला रोखा नाही. पीडीएफ कशी जाळणार?

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभर दिले तर व्याज शंभरावर थांबलं. कार्डाच्या दराने, व्याजावर व्याज धरत, मुद्दलाएवढं व्याज व्हायला किती काळ लागतो? २० महिने. फक्त २० महिने! सात टक्क्यांच्या एफडीला त्याच कामाला दहा वर्षं लागतात. बँकेच्या कार्डाला दामदुपट लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तेव्हा वर झाकण नाही. मग सोडून बघूच गाडी पुढे. १ लाखाला कोणी हातच लावला नाही आणि महिन्याला साडेतीन टक्के चढत राहिले, तर दहा वर्षांनी ₹६२ लाख. वीस वर्षांनी ₹३८ कोटी. तीस वर्षांनी ₹२,३९० कोटी! मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तो सुमारे ₹१,६३० कोटींत. एका फ्रिजच्या, फीच्या आणि मोतीबिंदूच्या बिलात एक्स्प्रेस वे उभा राहून वर साडेसातशे कोटी उरले. बँक तीस वर्षं गप्प बसत नाही, हे उघड आहे. त्याच्या कितीतरी आधी वसुलीवाल्याचा फोन येतो. पण या दराच्या अंगात किती रग आहे, ते कळावं म्हणून.

फोन येऊ नये म्हणून तर लोक मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरतात. आणि इथे मी तुम्हाला हळूच घेऊन जाणार आहे, कारण सगळ्यात विलक्षण आकडे या जागी दडलेत.

स्टेटमेंट येतं. नावाची पहिली चार अक्षरं, पुढे जन्मतारीख असा पासवर्ड टाकून उघडायचं. वर दोन चौकटी. एकीत एकूण रक्कम, ₹१,०४,१३०. दुसरीत किमान रक्कम, ₹५,२०७. पहिली बघून पोटात गोळा येतो, दुसरी बघून हायसं वाटतं. खाली बारीक अक्षरांत एक इशारा असतो, की नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल. रिझर्व्ह बँकेनेच तो छापायला लावला आहे. वर्षानुवर्षं म्हणजे किती? चला, गाडी काढू.

१ लाखाचं कर्ज म्हणजे दादर ते पुणे, दीडशे किलोमीटर. पुणं आलं की कर्ज फिटलं. किमान रक्कम बिलाच्या ५ टक्के धरू; बँकेबँकेचं सूत्र थोडं वेगळं असतं, पण जात एकच. कार्डावर नवीन खरेदी बंद. पहिल्या महिन्यात व्याजाने आणि जीएसटीने गाडी ६.२ किलोमीटर मागे ढकलली. तुम्ही ₹५,२०७ भरून ती ७.८ किलोमीटर पुढे आणली. पदरात काय पडलं? १.६ किलोमीटर. महिनाभर घाम गाळून दादरची गाडी दादरच्या बाहेरसुद्धा पडली नाही.

वर्ष झालं. बारा हप्ते गेले, एकही चुकला नाही. मिळून ₹५८,९००. गाडी कुठे? १८ किलोमीटरवर. वाशीच्या खाडीपुलाच्या आसपास! ५९ हजार भरले आणि कर्ज कमी झालं ₹१२,२००.

आता मौज बघा. कर्ज थोडं उतरलं की ५ टक्क्यांची किमान रक्कमही उतरते. बँक जणू प्रेमाने सांगते, दमला असाल, या महिन्यात जरा कमी भरा. पाच वर्षं चार महिने झाले. ₹२ लाख ४२ हजार भरून झाले, म्हणजे मूळ कर्जाच्या जवळजवळ अडीचपट. गाडी खोपोलीत. बरोब्बर अर्ध्यावर! घाट अजून समोर. सतरा वर्षं नऊ महिने. ₹४ लाख ३५ हजार. चिंचवड. अजून दहा हजार बाकी. पावणेपंचवीस वर्षं. खडकी. हप्ता घसरत घसरत ₹२०० वर आलेला, त्याच्या खाली बहुधा कोणी जात नाही. त्या दोनशे-दोनशेच्या पावलांनी शेवटचे सहा किलोमीटर कापायला आणखी साडेतीन वर्षं. पुणे स्टेशनात गाडी शिरते तेव्हा २८ वर्षं उलटून गेलेली असतात. फी भरली तेव्हा पहिलीत असलेली मुलगी चौतिशीची झाली. फ्रिज भंगारात जाऊन जमाना झाला. आणि भरलेली एकूण रक्कम? ₹४ लाख ७३ हजार. आपल्या मापाने ७०९ किलोमीटर! समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. निघालो होतो पुण्याला, आणि पेट्रोल जळलं नागपूरचं!

हा सगळा प्रवास एकही हप्ता न चुकवता, एकही नवी वस्तू न घेता झाला, हे विसरू नका. खऱ्या आयुष्यात कोण असं करतं? आणि एकदा बाकी मागे राहिली की कार्डाची बिनव्याजी मुदतच जाते. नव्या किराण्यावरही घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. एक हिशेब तर मला फारच आवडतो. एक तारखेला ₹५०,००० ची वस्तू घेतली, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या मुदतीला ₹४९,००० भरले. हजारच ठेवले, काय बिघडतं? बिघडतं असं, की ५० हजारांवर ४० दिवसांचं व्याज लागतं. ₹२,३०१. वर जीएसटी. मिळून ₹२,७१५. हजार रुपये मागे ठेवण्याची किंमत सत्तावीसशे!

पुरे झालं भिववणं. आता गाडी उलटी फिरवू, कारण चक्रवाढ जशी अंगावर येते तशीच ती आपल्यासाठीही राबते, आणि त्यासाठी काय करावं लागतं हे ऐकलंत तर विश्वास बसणार नाही. काहीही नाही! पहिल्या महिन्याचा हप्ता आठवा, ₹५,२०७. तो सुट्टे वगळून ₹५,२०० वर गोठवा. बँक पुढच्या महिन्यात कमी मागेल, तुम्ही कमी द्यायचं नाही. बस्स. एक रुपयाही वाढवायचा नाही. २८ वर्षांचे किती होतात? ३९ महिने! सव्वातीन वर्षं! ₹४ लाख ७३ हजारांचे ₹२ लाख ३ हजार. जवळजवळ पावणेतीन लाख वाचले, आणि वाचवण्यासाठी केलं काय, तर पहिल्या महिन्यात जमलं होतं तेच पुढे करत राहिलो. इतक्या स्वस्तात इतका मोठा आकडा पाडणारी दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही.

चटक लागली ना? मग वाढवू. महिन्याला ₹५०० जादा: ३२ महिने, आणखी साडेएकवीस हजार वाचले. त्याऐवजी सुरुवातीलाच दिवाळीच्या बोनसमधले ₹१०,००० एकदम टाकले तर ३१ महिने. दहा हजार गेले, आणि पुढच्या हप्त्यांतले ₹४२,००० उडाले. महिन्याला दहा हजारांचा हप्ता झेपला तर साधारण १३ महिने, एकूण ₹१ लाख ३२ हजार.

आणि दरच बदलला तर? १५ टक्क्यांचं पर्सनल लोन काढून कार्ड एका फटक्यात साफ केलं. कर्जाच्या व्याजावर जीएसटीही नाही. तोच ₹५,२०० चा हप्ता. २२ महिने! एकूण ₹१ लाख १५ हजार. प्रोसेसिंग फी धरा, अजून थोडे. सोनं तारण ठेवलं तर दर बहुतेकदा याहूनही खाली येतो. ७०९ किलोमीटरचा फेरा १७३ वर आला. दादरहून निघालो, वाटेत लोणावळ्याला चिक्कीसाठी जरा आत शिरलो, इतकाच काय तो जादा रस्ता. फक्त एक जागा निसरडी आहे. लोनने कार्ड रिकामं झालं की त्यावरची अख्खी लिमिट पुन्हा खुणावते. ती वापरलीत तर लोनही डोक्यावर आणि कार्डही. तेव्हा लोनचे पैसे कार्डावर पोचले, त्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन लिमिट खाली आणायची आणि शॉपिंगच्या साइटवर साठवलेलं कार्ड पुसून टाकायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

बऱ्याच घरांत तर लोनचीही गरज नसते. कपाटात १ लाखाची एफडी असते आणि कार्डावर १ लाखाचं कर्ज. एफडी दिवसाला ₹१९ आणते, कार्ड ₹१३६ नेतं. दोन्ही शेजारीशेजारी, एकाच घरात, एकाच बँकेचीसुद्धा! पण एफडी मोडायची म्हटलं की घरात सुतकी चेहरे होतात. ती बाबांनी केली होती, ती अडीअडचणीला आहे. अहो, ही अडचण नाही तर काय आहे? महिन्याभराच्या घरखर्चाएवढं हाताशी ठेवावं आणि बाकीची मोडावी, मुदतीआधी मोडल्याचा दंड धरूनही. १९ आणि १३६ यांत वाद घालायला जागाच नाही.

तीन कार्डं असतील तर आधी कोणतं? यावर लोक तावातावाने भांडतात. जास्त दराचं आधी, असं गणित सांगतं. पण एकाचा दर साडेतीन आणि दुसऱ्याचा पावणेचार असेल, तर जीएसटीसकट १ लाखावर फरक महिन्याला ₹२९५ चा. मी म्हणतो, सगळ्यात छोटं आधी उडवा. एक स्टेटमेंट यायचं बंद झालं की घरात जो हुरूप येतो तो तीनशे रुपयांना स्वस्त आहे, आणि त्याचा मोकळा झालेला हप्ता तसाच्या तसा दुसऱ्यावर टाकता येतो. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत मिटवायच्या, म्हणजे सेटलमेंटच्या वाटेला मात्र अगदी नाइलाज असेल तरच जावं. रक्कम कमी होते, पण क्रेडिट रिपोर्टमध्ये सेटल्ड असा शेरा बसतो, आणि क्रेडिट स्कोअरच्या ३०० ते ९०० च्या शिडीवर तुम्ही धाडदिशी खाली येता. वसुलीच्या फोनांचं म्हणाल, तर ते सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करता येत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे दिवसाचे १३ तास तुमचे, ११ त्यांचे.

शेवटचा हप्ता गेला, बाकी शून्य. लोक कात्री घेऊन कार्डाचे दोन तुकडे करतात आणि सुटलो म्हणतात. प्लास्टिक कापल्याने खातं बंद होत नाही, वार्षिक फी तिथे लागतच राहते. रीतसर बंद करायला सांगायचं, आणि ईमेलवरच सांगायचं, म्हणजे तारीख राहते. कारण इथे एक नियम आहे जो मला पाठ आहे. बाकी शून्य असेल तर बँकेने कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायला हवं. नाही केलं, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला ₹५०० दंड द्यायचा. रोज! रविवार धरून! तासाला जवळजवळ एकवीस रुपये. महिनाभर टोलवाटोलवी केली तर ₹१५,०००. १ लाखावर तुमच्याकडून रोज ₹१३६ जात होते, त्याच्या साडेतीनपटीहून जास्त, आणि या वेळी उलट दिशेने. डेक्कन क्वीन ५ वाजून १० मिनिटांनी सीएसएमटीहून सुटून ८ वाजून २५ मिनिटांनी पुण्याला लागेपर्यंत ₹६७ तुमचे झाले. वडापाव घ्या, कटलेट घ्या, चहा घ्या.